नव्वद दिवसांची पावती म्हणजे मुक्कामाची परवानगी नव्हे

थायलंडमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या कुठल्याही परदेशी माणसाचा पासपोर्ट उघडून पाहा. मागच्या एखाद्या पानाला पिन मारून अडकवलेला कागदाचा चिटोरा दिसेल. त्यावर नाव, पासपोर्ट नंबर आणि एक तारीख असते. पिनांची जुनी भोकं त्या पानावर शेजारी शेजारी दिसतात, कारण दर तीन महिन्यांनी जुना चिटोरा निघतो आणि नवा लागतो. आपण अजून इथेच राहतो, असं दर ९० दिवसांनी इमिग्रेशन खात्याला कळवल्याची ती पावती. बँकॉकमधली आपली मंडळी तिला नुसतं ‘नाइन्टी डे’ म्हणतात. ‘तुझं नाइन्टी डे झालं का?’ हा प्रश्न इथे भिशीत आणि शाळेच्या फाटकावर सहज कानावर पडतो.

माझ्या ओळखीतल्या एका पुणेकर कुटुंबात या चिटोऱ्याने मोठा घोटाळा केला. नवरा इथल्या एका कंपनीत नोकरीला, बायको त्याच्यावर अवलंबित म्हणून आलेली. तिने फेब्रुवारीत वेळेवर नाइन्टी डे केलं. पावतीवर पुढची तारीख आली १४ मे. तिने ती तारीख मनात पक्की धरली आणि १० मेचं मुंबईचं तिकीट काढलं. विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला, मागचं पान उघडलं, पुढचं उघडलं आणि तिला बाजूच्या खोलीत नेलं. तिच्या मुक्कामाची मुदत २० मार्चलाच संपली होती. नवऱ्याचं वार्षिक काम कंपनी बघत होती, तिचं कुणीच बघत नव्हतं. ५० दिवसांहून जास्त बेकायदा मुक्काम झाला आणि २०,००० बाथ (थायलंडचं चलन) दंड म्हणून तिथेच भरावे लागले.

‘पण माझ्याकडे मेपर्यंतची पावती आहे हो!’ असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. ती खोटं बोलत नव्हती. पावती खरी होती, तारीखही खरी होती. त्या तारखेचा अर्थ मात्र वेगळा होता. हीच गल्लत मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता सगळं मुळापासून लिहून काढते.

आधी व्हिसा आणि मुक्काम वेगळे करू

बोलताना आपण सगळ्यालाच ‘व्हिसा’ म्हणतो, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. व्हिसा हा दारापर्यंत यायचा कागद आहे. दारात उभा असलेला इमिग्रेशन अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारतो आणि त्या शिक्क्यात ‘अमुक तारखेपर्यंत राहण्याची परवानगी’ असं लिहिलेलं असतं. तुम्ही देशात कायदेशीर आहात की नाही, हे ती तारीख ठरवते. या लेखात तिला ‘मुक्कामाची मुदत’ म्हणू.

नोकरीसाठी येणाऱ्याला साधारणपणे पहिल्यांदा ९० दिवसांची मुदत मिळते. मग कंपनीची कागदपत्रं आणि वर्क परमिट दाखवून ती वर्षाने वाढवून घेतात. त्याला सगळे ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. त्याची फी १,९०० बाथ. पुढे दर वर्षी तेच. पन्नाशी ओलांडलेला माणूस निवृत्त म्हणून राहत असेल तर त्याला बँकेत ८ लाख बाथ किंवा दरमहा ६५,००० बाथ उत्पन्न दाखवावं लागतं. कारण वेगळं असलं तरी रचना तीच.

आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखं हे आहे. करार संपण्याआधी नवा केला तर घर तुमचं, नाही केला तर सामान बाहेर. मधल्या काळात तुम्ही वेळेवर वीजबिल भरलंत म्हणून करार आपोआप वाढत नाही.

मग नव्वद दिवसांचं काय?

आपल्या घरातल्या पेन्शनर आजोबांना आठवा. नोव्हेंबर आला की ते बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात. त्या दाखल्याने पेन्शन वाढत नाही. पेन्शन किती आणि कधीपर्यंत, हे वेगळ्या कागदावर ठरलेलं असतं. दाखला एवढंच सांगतो की मी आहे, इथेच आहे.

नाइन्टी डे हा परदेशी माणसाचा हयातीचा दाखला आहे. थायलंडच्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याचं ३७ वं कलम सांगतं की तात्पुरत्या परवानगीवर आलेला परदेशी माणूस सलग ९० दिवसांहून जास्त राहिला, तर त्याने आपण कुठे राहतो हे इमिग्रेशनला लेखी कळवायचं, आणि पुढेही दर ९० दिवसांनी कळवत राहायचं. त्यासाठी टीएम ४७ नावाचा एक पानी अर्ज असतो. फी नाही. पैसे किती, काम काय, असले प्रश्न त्यात नसतात. मुद्द्याची गोष्ट एकच, पत्ता.

इमिग्रेशन खातं स्वतःच्या सूचनांमध्येही हे स्पष्ट लिहितं की ही नोंद म्हणजे मुदतवाढ नव्हे. तरीही माणसं फसतात, कारण दोन्ही तारखा एकाच पासपोर्टात असतात, दोन्हीवर एकाच खात्याचा शिक्का असतो आणि चिटोऱ्यावरची तारीख बरेचदा मुक्कामाच्या मुदतीच्या पुढची असते. खिडकीमागचा अधिकारी त्या क्षणी फक्त ९० दिवस पुढची तारीख देतो. तुमची मुदत त्याआधी संपते आहे का, हे बघण्याचं काम त्या खिडकीचं नाही. ते तुमचं आहे.

एक बारकावा इथेच सांगते. मुक्कामाच्या मुदतवाढीसाठी तुम्ही पहिल्यांदा अर्ज करता, तो अर्जच पहिली नव्वद दिवसांची नोंद म्हणून धरला जातो. दुसऱ्या वर्षीच्या अर्जापासून मात्र ही सवलत नाही. पहिल्या वर्षीच्या अनुभवावरून ‘एक्स्टेन्शन झालं म्हणजे नाइन्टी डेही झालं’ असं धरून चालणारे दुसऱ्या वर्षी नेमके इथे अडकतात.

दिवस मोजायचे कसे

समजा, तुम्ही ५ जानेवारी २०२६ ला बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरलात. उतरलात तो दिवस एक. जानेवारीचे २७, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१, झाले ८६. म्हणजे ९० वा दिवस ४ एप्रिल. तीन महिने म्हणजे ५ एप्रिल असं बोटांवर मोजलंत तर एक दिवस चुकलात. नोंद ‘तीन महिन्यांनी’ करायची नसते, ‘नव्वद दिवसांनी’ करायची असते. वर्षभरात हा फरक साचत जातो.

त्या एकाच दिवशी गेलं पाहिजे असं नाही. ९० व्या दिवसाच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत नोंद चालते. म्हणजे आपल्या उदाहरणात २० मार्च ते ११ एप्रिल. ऐकायला ऐसपैस वाटतं. आता कॅलेंडर समोर घ्या. ४ एप्रिल २०२६ ला शनिवार आहे, ५ ला रविवार. ६ एप्रिल हा चक्री दिन, थायलंडच्या राजघराण्याच्या स्थापनेची सार्वजनिक सुट्टी. ११ ला पुन्हा शनिवार. म्हणजे ९० व्या दिवसानंतर हातात उरतात ७, ८, ९ आणि १० एप्रिल, असे फक्त चार दिवस. तेही सोंगक्रानच्या, म्हणजे १३ ते १५ एप्रिलच्या थाई नववर्षाच्या तोंडावर, जेव्हा अर्धं बँकॉक गावाला निघालेलं असतं. म्हणून माझं सांगणं असतं की नंतरचे सात दिवस तुमच्या हिशेबात धरूच नका. आजारपण आलं, विमान रद्द झालं, तर कामी येतील म्हणून ते बाजूला ठेवा.

पहिल्या नोंदीनंतर स्वतः मोजत बसायची गरज नाही. पावतीवर पुढची तारीख छापलेली असते, तीच धरायची. थाई कागदांवर वर्ष कधी कधी बौद्ध संवतात असतं, आपल्या सनात ५४३ मिळवलेलं. २०२६ म्हणजे २५६९. नवीन आलेल्या माणसाला ‘२५६९’ बघून धक्का बसतो, दोन दिवसांत सवय होते.

थायलंडबाहेर पाऊल टाकलं की पाटी कोरी

‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गणपतीला चार दिवस घरी जाऊन आलात, की परत उतरलेल्या दिवसापासून मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. पासपोर्टला लावलेल्या चिटोऱ्यावरची जुनी तारीख तिथेच बाद होते. कामानिमित्त दर महिन्या-दोन महिन्यांनी मुंबई किंवा सिंगापूरला जाणारे लोक वर्षानुवर्षं एकही नोंद न करता पूर्णपणे कायदेशीर राहतात, कारण त्यांचा ९० वा दिवस कधी उजाडतच नाही. घरी राहणाऱ्या बायकोमुलांचा मात्र उजाडतो. घरातल्या प्रत्येक पासपोर्टची मोजणी स्वतंत्र चालते. ‘नवऱ्याचं झालं म्हणजे सगळ्यांचं झालं’ हा समज सोडून द्या.

बाहेर पडताना आणखी एक धोका आहे. या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महागडं नुकसान तिथेच होतं, म्हणून त्यावर थोडी थांबते.

एसटीच्या प्रवासात स्टँडवर गाडी थांबते. चहाला उतरताना आपण सीटवर रुमाल ठेवतो. रुमाल असेल तर जागा आपली, नसेल तर परत येईस्तोवर दुसरा बसलेला. थायलंडमध्ये वर्षाची मुदतवाढ मिळालेला माणूस देशाबाहेर पडतो, तेव्हा त्यालाही रुमाल ठेवावा लागतो. त्याचं नाव री-एंट्री परमिट. एका फेरीसाठी १,००० बाथ, कितीही फेऱ्यांसाठी ३,८०० बाथ. तो न घेता विमानात बसलात, की वर्षभराची मुदत त्याच क्षणी रद्द. एवढी कागदपत्रं जमवून, रांगा लावून मिळवलेली मुदत!

वाईट म्हणजे ते लक्षातही येत नाही. परत आलात की दारातला अधिकारी पर्यटक म्हणून शिक्का मारून आत सोडतो, कारण अलीकडच्या वर्षांत भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश मिळत आला आहे. माणूस आनंदाने घरी जातो. महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी पासपोर्ट बघतं आणि विचारतं, ‘अहो, तुमचा तर पर्यटकाचा शिक्का आहे, तुम्ही नोकरी कशी करताय?’ घरून अचानक फोन येतो, वडिलांना दवाखान्यात नेलंय म्हणतात, आणि आपण हाताला लागेल ती बॅग उचलून निघतो. अशा वेळी री-एंट्री कुणाला आठवणार? मोठ्या विमानतळांवर निघताना ते काढून देणारी खिडकी असते, पासपोर्ट तपासणीच्या आसपास. थोडा वेळ हाताशी ठेवा आणि तिथे जा. त्याहून बरं म्हणजे एक्स्टेन्शन झालं त्याच दिवशी अनेक फेऱ्यांचं परमिट काढून टाका. आईवडील तिकडे आणि आपण इकडे, अशा प्रत्येकाला मी हे आग्रहाने सांगते.

नोंद करायची कुठे आणि कशी

बँकॉकमध्ये राहणाऱ्यांचं मुख्य ठिकाण म्हणजे चेंग वत्थना रस्त्यावरच्या सरकारी संकुलातलं इमिग्रेशन कार्यालय. इतर प्रांतांत त्या त्या प्रांताचं कार्यालय. तुम्ही ज्या प्रांतात राहता तिथेच जायचं. अर्ज, पासपोर्ट आणि जुनी पावती घेऊन खिडकीवर बसलात की खरं काम काही मिनिटांचं. अधिकारी जुना चिटोरा काढतो, नवा लावतो. बहुतेक वेळ जातो तो रांगेत आणि प्रवासात. स्वतःच गेलं पाहिजे असंही नाही, तुमच्या वतीने दुसऱ्याने पासपोर्ट आणि कागद घेऊन गेलं तरी चालतं.

रजिस्टर पोस्टानेही होतं. पासपोर्टच्या पानांच्या प्रती, भरलेला अर्ज, जुनी पावती आणि उत्तरासाठी तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट ९० व्या दिवसाच्या १५ दिवस आधी पाठवायचं. शहरापासून लांब राहणारे लोक अजूनही हा मार्ग पसंत करतात.

आणि आता ऑनलाइन. घरबसल्या होतं, पावती इमेलवर येते, छापून पासपोर्टात ठेवायची. पण खिडकी आणि ऑनलाइन यांच्या मुदती एक नाहीत. ऑनलाइन अर्ज ९० व्या दिवसाच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस आधीपर्यंतच स्वीकारला जातो. आपल्या उदाहरणात २० ते २८ मार्च. नंतरचे सात दिवस ऑनलाइनला लागू नाहीत. शिवाय अर्ज पाठवला म्हणजे नोंद झाली असं नाही, तो मंजूर व्हावा लागतो आणि नामंजूरही होतो. म्हणून २० मार्चलाच भरा. नामंजूर झाला तर खिडकीवर जायला हातात भरपूर दिवस राहतात. पासपोर्ट नवीन काढला असेल तर त्यानंतरची पहिली नोंद समक्ष जाऊनच करा.

१ मे २०२५ पासून थायलंडमध्ये येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला आगमनाचं डिजिटल कार्ड भरावं लागतं. विमानात वाटायचे ते कागदी कार्ड त्याआधीच बंद झालं होतं. त्यावरून ‘आता सगळं ऑनलाइन झालं, नाइन्टी डेची गरज नाही’ असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरत असतात. ते चुकीचे आहेत. ते कार्ड आत येताना भरायचं, ही नोंद राहत असताना करायची. एकाने दुसरं सुटत नाही.

घरमालकाचा कागद

मुंबई-पुण्यात फ्लॅट भाड्याने दिला की भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवावी लागते. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या बाबतीत तसाच नियम आहे. याच कायद्याच्या ३८ व्या कलमाप्रमाणे, परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत घराच्या मालकाने किंवा घराचा ताबा असणाऱ्याने ते इमिग्रेशनला कळवायचं. तो अर्ज टीएम ३०. हॉटेलात उतरलात तर हॉटेल करतं, तुम्हाला ते कळतही नाही. भाड्याच्या घरात मात्र अनेक मालकांना हा नियम माहीतच नसतो, किंवा ते परदेशात राहतात.

कायद्याने दंड मालकाला आहे, २,००० बाथपर्यंत. पण अडकता तुम्ही. एक्स्टेन्शनच्या किंवा नाइन्टी डेच्या खिडकीवर टीएम ३० ची पावती मागितली आणि ती नसली, तर काम तिथेच थांबतं. म्हणून भाडेकरार करतानाच मालकाला विचारा, ‘टीएम ३० तुम्ही भरणार की माझ्याकडे अधिकारपत्र देणार?’ करार होण्याआधी मालक हसून हो म्हणतो, नंतर फोन उचलत नाही. मी स्वतः यातून गेले आहे आणि त्यासाठी तीन चकरा मारल्या आहेत.

‘हे सगळं आमचा एजंट बघतो’

बघतो, आणि चांगले एजंट नीट बघतात. पण जबाबदारी तुमच्याच नावावर राहते. एजंटचा नंबर बंद झाला, कंपनीतली एचआरची बाई बदलली, तर दंडाची पावती तुमच्या नावाने फाटते. कंपनी बहुतेक वेळा फक्त नोकरदाराचंच बघते, हे वरच्या उदाहरणात आलंच. एजंटला काम द्या, पण काम झाल्यावर पासपोर्ट परत घेताना दोन पानं स्वतः उघडा. मुक्कामाच्या मुदतीचा शिक्का असलेलं पान आणि चिटोरा असलेलं पान. दोन्ही तारखा मोठ्याने वाचा. एका बाईने दोन्ही तारखा कालनिर्णयवर दोन रंगांत लिहून स्वयंपाकघरात टांगल्या आहेत. मला ती पद्धत आवडली.

नोकरीवरच्यांसाठी आणखी एक. मुदतवाढ नोकरीच्या आधारावर मिळालेली असेल आणि नोकरी सुटली, तर मुक्कामाची मुदत नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपते. पासपोर्टवर पुढच्या डिसेंबरची तारीख असली तरी. नाइन्टी डेची पावती नुकतीच घेतलेली असली तरी. इमिग्रेशनमध्ये जाऊन आवराआवरीसाठी ७ दिवस मागता येतात. घरच्यांची मुदत नोकरदाराच्या मुदतीला बांधलेली असते, म्हणून राजीनामा देण्याआधी हा हिशेब सगळ्या घराने मिळून करायला हवा.

‘आम्ही कर भरतो, मग हा अविश्वास का?’

हा प्रश्न मला मनापासून पटतो. दहा वर्षं एकाच घरात राहणारा माणूस वर्षातून चार वेळा ‘मी अजून तिथेच राहतो’ असं सांगत बसतो. तोच पत्ता मालकाने कळवलेला असतो आणि एक्स्टेन्शनच्या कागदांतही असतो. एकच माहिती तीन कागदांवर. एवढा खटाटोप लागू नये असं माझं मत आहे. थायलंड सरकारलाही ते कुठेतरी पटलेलं असावं, कारण १ सप्टेंबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘एलटीआर’ या दहा वर्षांच्या व्हिसावर ही नोंद वर्षातून एकदाच करायची असते. हा व्हिसा श्रीमंत आणि उच्च कौशल्याच्या लोकांसाठी आहे. ज्यांना कायमचं वास्तव्य मिळालेलं आहे त्यांना ९० दिवसांची नोंद लागतच नाही. म्हणजे नव्वद हा आकडा काही अटळ नाही. एलटीआरवाल्यांना वर्षातून एकदा चालतं, तर दहा वर्षं नियमाने राहणाऱ्या साध्या शिक्षकाला का चालू नये?

पण ‘हे फक्त थायलंडच करतं’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. अमेरिकेत ग्रीन कार्डवर किंवा नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आपल्या मुलांनी घर बदललं की १० दिवसांत नवा पत्ता कळवायचा असतो. जपानमध्ये नव्या घरात गेल्यावर १४ दिवसांत नगरपालिकेत जावं लागतं. आणि आपल्याकडे? १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर भारतात येणाऱ्या परदेशी माणसाला साधारणपणे १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा आपला कायदा १९३९ चा होता. तो आणि आणखी तीन जुने कायदे बाजूला सारून १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. नोंदणीची मूळ कल्पना कायम आहे.

पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्या मालकांना हे खास सांगायला हवं. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची. लोक तिला अजून ‘सी फॉर्म’ म्हणूनच ओळखतात. ती न भरल्याने पुढे नोंदणीच्या खिडकीवर अडतो तो विद्यार्थी. बँकॉकमध्ये टीएम ३० साठी मालकाला फोन करणारी मी आणि कोथरूडमध्ये मालकाच्या दारात उभा असलेला आफ्रिकेतला एखादा विद्यार्थी, आम्ही दोघं एकाच रांगेत आहोत.

तारीख उलटून गेली असेल तर

आधी बघा, कुठली तारीख उलटली आहे.

नाइन्टी डेची उलटली असेल तर घाबरू नका, पण टाळूही नका. स्वतःहून खिडकीवर गेलात तर २,००० बाथ दंड भरून नवी पावती मिळते. पकडले गेलात तर जास्त जातात. कायद्यात ५,००० बाथपर्यंत दंड आणि वर रोजचे २०० बाथपर्यंत अशी तरतूद आहे. तरीही या चुकीने तुमचा मुक्काम बेकायदा होत नाही.

मुक्कामाची मुदत उलटली असेल तर गोष्ट निराळी. त्याला ओव्हरस्टे म्हणतात. दिवसाला ५०० बाथ, जास्तीत जास्त २०,००० बाथ. २०१६ च्या मार्चपासून त्याला प्रवेशबंदीही जोडली गेली आहे, आणि तिच्यात स्वतःहून निघणारा आणि पकडला जाणारा यांच्यात मोठा फरक केला आहे. स्वतःहून विमानतळावर गेलात आणि ओव्हरस्टे ९० दिवसांपर्यंतचा असेल, तर दंड भरून सुटता, बंदी नाही. ९० दिवसांच्या वर गेलात तर एक वर्ष, एक वर्षाच्या वर तीन, तीनच्या वर पाच आणि पाचच्या वर दहा वर्षं बंदी. पण रस्त्यात तपासणीत किंवा घरी पोलीस आल्यावर सापडलात, तर एक वर्षाच्या आतल्या ओव्हरस्टेलाही थेट पाच वर्षं बंदी, त्याहून जास्त असेल तर दहा. म्हणून ओव्हरस्टे लक्षात आला त्याच दिवशी कुणा जाणकाराला विचारा आणि हालचाल करा. ‘पुढच्या महिन्यात तसंही गावाला जायचंच आहे’ म्हणून थांबू नका.

त्या पुणेकर बाईचं निभावलं ते याच फरकामुळे. ५० दिवसांच्या काळात तिला कुणी रस्त्यात अडवलं नाही, आणि ती स्वतःच्या पायांनी विमानतळावर गेली. दंड गेला, पासपोर्टवर ओव्हरस्टेचा शिक्का बसला, बंदी लागली नाही. मे महिना तिने माहेरी नवा व्हिसा काढण्यात घालवला. जूनमध्ये ती परत आली, मागच्या पानावरचा तो १४ मेचा चिटोरा काढून टाकला आणि उतरल्या दिवसापासून पुन्हा एक मोजायला सुरुवात केली.